नवीन घर मिळालं, पण हात चालेना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नवीन घरात येऊन चार महिने झाले, घर मनासारखं, मोठं, उजेडाचं, चित्रं काढायला आयुष्यात पहिल्यांदा वेगळी खोली, आणि तरी तिथे बसलं की काही म्हणजे काही सुचत नाही, उलट त्या जुन्या ओल धरलेल्या दोन खोल्या आठवून डोळे भरतात, आणि घरात कुणाला सांगायला जावं तर "आता अजून काय हवंय तुला" ऐकून घ्यावं लागतं. शेवटी तुम्ही विचारलंय की खोलीचा रंग बदलू का, मोठं टेबल करून घेऊ का आणि जुनं डगमगणारं टेबल टाकू का.

मी २४ वर्षं इंटिरियरची कामं करतेय. लोकांना वाटतं की किल्ली हातात दिली की आमचं काम संपलं, पण मला खरे फोन येतात ते त्यानंतर, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. फोन असतो कपाटाचं दार कुरकुरतंय म्हणून, मी जाते, दार उघडून-लावून बघते, दहा मिनिटांनी लक्षात येतं की दाराला काही झालेलं नाहीये, समोरच्या माणसाला फक्त कुणाशी तरी बोलायचंय. त्यामुळे रंगाचं आणि टेबलाचं शेवटी बघू, आधी दुसरं बोलते.

रात्री त्या खोलीत शिरताना तुमचा हात कुठे जातो बघा. मी एकदा काम संपल्यावर पाचेक महिन्यांनी एका घरी गेले होते, झोपायच्या खोलीच्या दाराच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या थोडं खाली, नव्या कोऱ्या भिंतीवर तळहाताएवढा मळकट डाग. बोटांचा. तिथे काहीच नव्हतं, ना हुक ना बटण, बटणं उजवीकडे होती. मी विचारलं तर ते गृहस्थ ओशाळून म्हणाले, जुन्या घरात इथे बटण होतं हो, अजून अंधारात हात तिकडेच जातो. सतरा वर्षं ज्या जागी बटण होतं ती जागा हाताला पाठ झाली होती, डोक्याला नवीन घर समजलं होतं पण हाताला कुणी सांगितलंच नव्हतं! तो डाग मी पुसू दिला नाही त्या दिवशी, म्हटलं राहू दे, आपोआप येणं बंद होईल.

मराठीत आपण अंगवळणी पडणं म्हणतो ना, ते मला घराच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं वाटतं. घर आधी अंगाला कळावं लागतं. कोणत्या पायरीची उंची जरा जास्त आहे, नळ किती फिरवला की पाणी कोमट येतं, कोणतं दार ढकलायचं आणि कोणतं उचलून ढकलायचं, पहाटे कुठून कसला आवाज येतो आणि त्याला दचकायचं की नाही, असल्या शेकडो गोष्टी जुन्या घरात तुम्ही विचार न करता करत होतात. आता त्यातली प्रत्येक गोष्ट करताना थोडंसं, कणभर, लक्ष द्यावं लागतंय. एकेक कण काहीच नाही, पण दिवसभरात त्याची बेरीज होते आणि संध्याकाळी तुम्ही म्हणता की काही केलं नाही तरी दमले.

हे माझं नुसतं मनाचं नाहीये. जॉन ओकीफ या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या की ज्या ठरावीक जागी गेल्यावरच जाग्या होतात, म्हणजे खोलीच्या या कोपऱ्यात एक, त्या कोपऱ्यात दुसरी. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या जोडप्याला अंतराचं जाळं आखणाऱ्या पेशी सापडल्या, आणि २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. जागा बदलली की हा नकाशा नव्याने मांडावा लागतो. मेंदूच्या ज्या भागात हे चालतं तोच भाग आठवणींच्या कामातही असतो, म्हणून मला तर वाटतं की नवीन घरात पाऊल टाकलं की जुनं घर इतकं लख्ख आठवतं यात आश्चर्य काही नाही. (हे शेवटचं वाक्य माझं हं, त्या शास्त्रज्ञांचं नाही.)

झोपेचंही तसंच. परक्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा अनुभव सगळ्यांचाच, पण अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की त्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूची एक बाजू, त्यांच्या प्रयोगात डावी, कमी गाढ झोपते आणि आवाजाला जास्त टवकारलेली असते. अर्धा मेंदू पहाऱ्यावर! दुसऱ्या वेळी तो फरक जातो असंही त्यांना दिसलं, पण तो प्रयोगशाळेतला पलंग होता, तिथे कुणी आयुष्य काढायला गेलेलं नव्हतं. घर बदललेल्या माणसांचा पहारा जास्त दिवस चालतो असं मी तरी बघत आलेय.

आणि जे तुम्हाला "अजून काय हवंय" म्हणतात त्यांच्यासाठी एक. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येक घटनेने माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं त्याला गुण दिले, जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, आणि राहती जागा बदलणं २०. वीसच, म्हणजे फार नाही वाटत, पण त्याच यादीत राहणीमान बदलणं वेगळं आहे २५ चं, झोपेच्या सवयी बदलणं १६, फावल्या वेळातल्या गोष्टी बदलणं १९, लोकांत मिसळणं बदलणं १८. आता मला सांगा, घर बदललं आणि यातलं काहीच बदललं नाही असं कधी होतं का? आणि एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, त्या यादीत लग्नही आहे, सुट्टीवर जाणंसुद्धा आहे, म्हणजे चांगल्या गोष्टींनाही गुण आहेत. हौसेने घेतलेल्या घराचाही ताण येतोच. कृतघ्नपणा वगैरे काही नाही तो.

आता जुन्या घराचं. तुम्ही लिहिलंय की ज्या घराच्या नावाने वर्षानुवर्षं बोटं मोडली त्याच्यासाठी रडू येतं याची लाज वाटते. मला वाटतं या लाजेमुळेच सगळं अडलंय. बंगला सोडून फ्लॅटमध्ये आलेल्या माणसाला रडायची परवानगी असते, लोक समजून घेतात. ओल सोडून उजेडात आलेल्याला ती नसते. पण तुम्हाला आठवण ओलीची येत नाहीये. त्या ओलीच्या भिंतीला पाठ लावून बसून, जागा पुरत नाही म्हणून मांडीवर बोर्ड घेऊन तुम्ही जी चित्रं काढलीत, ती काढणारी बाई तिथेच राहिल्यासारखी वाटतेय. घर ओढ लावतं ते असं. योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये घरापासून दूर गेलेल्या लोकांच्या दुखण्यावर प्रबंध लिहिला आणि त्याला नाव देताना ग्रीकमधले दोन शब्द जोडले, घरी परतणं आणि वेदना. नॉस्टॅल्जिया हा शब्द तिथून आला, आज आपण तो जुन्या गाण्यांसाठी वगैरे हलकेच वापरतो पण सुरुवातीला तो चक्क आजार होता. म्हणजे घराच्या आठवणीने माणूस खरोखर खंगतो हे ३०० वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मान्य केलं होतं, आपल्या घरच्यांना अजून पटवावं लागतंय एवढंच.

मी काय सांगते अशा वेळी, तर जुनं घर कागदावर उतरवा. छान चित्र नाही, नकाशा, आठवणीतून, मोजपट्टी न घेता. एका बाईंना मी हे करायला सांगितलं होतं, त्यांनी नकाशा काढला तर स्वयंपाकघर होतं त्याच्या दुप्पट आलं आणि बाहेरची खोली माचिसएवढी. मग बसून त्यावर आवाज लिहिले, इथे दाराची कडी, इथे टाकी भरल्याचा आवाज, इथे शेजारच्यांचा रेडिओ. मग म्हणाल्या की मला घर नाही आठवत, मला शेजारच्यांचा रेडिओ आठवतो, नवीन घरात फार शांत आहे. झालं! आम्ही सहा महिने पडदे बदलत बसलो होतो आणि हवा होता कुणीतरी आसपास असल्याचा आवाज. त्यांनी कामाची खुर्ची मागच्या शांत खोलीतून उचलून जिन्याच्या बाजूच्या खिडकीत आणली, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं ऐकू येतात, आणि तिथे त्या बसू लागल्या.

आवाजावरून आठवलं, तुमच्या खोलीत टाळी वाजवून बघा. आवाज जरा लांबतो, टणटण करतो का? नवीन घरं सुरुवातीला खायला उठतात त्यात या घुमण्याचा मोठा वाटा असतो आणि लोकांच्या हे ध्यानात येत नाही. कोरी भिंत, फरशी, काच, सगळं कडक, आवाज आदळतो आणि परत येतो, त्यामुळे तिथे आपलं खोकणंसुद्धा परकं वाटतं. जुन्या घरात सामान ठासून भरलेलं होतं, कपडे, गाद्या, पुस्तकं, आवाज पिऊन टाकणाऱ्या वस्तू. म्हणून भिंतीला रंग देण्याआधी खोलीत एक जाड सतरंजी टाका, कापडी पडदा लावा, पुस्तकांचा रॅक एका भिंतीला उभा करा. आणि परत टाळी वाजवा. फरक कानाला कळेल, आणि मला खात्री आहे त्याच दिवशी खोलीत जरा जास्त वेळ बसाल.

आता तुमची स्वतंत्र खोली. इथे मी माझीच फजिती सांगते. मी स्वतःचं घर केलं तेव्हा ड्रॉइंग करायला एक खोली केली, लोकांना दाखवावी अशी. भिंतीत बसवलेलं अडीच मीटरचं टेबल, खणांना हळू बंद होणारे चॅनल, वर टेबलावर पडेल असा बरोबर ५०० लक्सचा उजेड, ऑफिसमधल्या लिहिण्यावाचण्याच्या कामाला तेवढा धरतात म्हणून. सगळं मोजून मापून. आणि मी दीड वर्ष काम केलं ते स्वयंपाकघराच्या ओट्याच्या टोकाला उभं राहून. खोलीत गेलं की वाटायचं आता काहीतरी भारी केलं पाहिजे, एवढा खर्च केलाय. ओट्यावर कुणी काही अपेक्षा करत नव्हतं, तिथे नुसतं रेघोट्या मारल्या तरी चालत होतं. शेवटी सुताराला बोलावून ते टेबल काढलं, भिंतीत बोल्टची भोकं राहिली, ती अजून आहेत. दुसऱ्यांना २४ वर्षं जे सांगतेय की राहिल्याशिवाय ठोकून काही बसवू नका, ते स्वतःच्या घरात विसरले.

तुमच्या खोलीचंही तेच होतंय बहुतेक. जागा नव्हती तेव्हा जागा नाही हे कारण होतं आणि त्या कारणाच्या आडोशाला तुम्ही निवांत चित्रं काढत होतात. आता खोली समोर उभी राहून विचारतेय, मग, काढा की. घरात सगळ्यांना ठाऊक की ती तुमची चित्रांची खोली, दार लावून बसलात की बाहेर आल्यावर कुणीतरी विचारणार काय काढलं. अशाने कुणाचाही हात आखडेल.

म्हणून एक महिनाभर त्या खोलीत चित्र काढायचं नाही असं ठरवा. खरंच. तिथे इतर काहीही करा, फोनवर बोला, कपड्यांच्या घड्या घाला, दुपारी आडवं व्हा, नखं कापा. खोलीला तुमची सवय होऊ दे. आणि चित्राचं सामान एका पिशवीत किंवा ट्रेमध्ये घालून घरभर फिरवा, आज खिडकीत, उद्या पलंगावर, परवा बाल्कनीच्या उंबऱ्यावर, दहा-पंधरा मिनिटं, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, त्याहून मोठा कागद घ्यायचा नाही. मागे फक्त वेळ आणि जागा लिहायची. महिन्याने ते कागद जमिनीवर पसरून बघा, कुठल्या जागेचे कागद जास्त झालेत. तुमची जागा ती. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ जणांची ती जागा ठरवलेल्या खोलीत नसतेच, असते कुठेतरी वाटेत, जिथून घर दिसतं आणि घराला आपण पूर्ण दिसत नाही अशा कडेला.

आणि काढायचं काय, तर घरच काढा. व्हॅन गॉगने १८८८ च्या मे महिन्यात आर्ल गावातलं ते पिवळं घर भाड्याने घेतलं, तिथे प्रत्यक्ष राहायला गेला सप्टेंबरात, आणि ऑक्टोबरात काय काढलं तर स्वतःची झोपायची खोली. पलंग, दोन खुर्च्या, खिडकी. नवीन जागेशी ओळख करून घ्यायची त्याची पद्धत ती. फ्रेंच चित्रकार मोनेचं उलटं बघा, जिव्हर्नी गावात तो राहायला आला १८८३ मध्ये, आणि ज्या तळ्यातल्या कमळांसाठी आज जग त्याला ओळखतं त्या तळ्याची जमीन त्याने घेतली १८९३ मध्ये, दहा वर्षांनी. म्हणजे एकाला महिना, एकाला दहा वर्षं. आणि होकुसाई, तो जपानी चित्रकार, त्याने आयुष्यात ९३ वेळा बिऱ्हाड हलवलं असं सांगतात, आता तिथे अंगवळणी पडायला वेळ कधी मिळाला असेल देव जाणे! त्याचं घर बहुधा कागदच असावा. तुम्ही चार महिन्यांत हातपाय गाळू नका एवढ्यासाठी सांगितलं.

एक गोष्ट मात्र घाईची आहे, आणि तिला उशीर झालाय असं समजू नका पण अजून लांबवूही नका. ब्रिटनमध्ये बास व्हर्प्लांकेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ८०० घरांमध्ये एक प्रयोग केला होता, पर्यावरणाला धरून सवयी बदलण्याचा, त्यात अर्धे लोक नुकतेच घर बदललेले होते. नवीन घरात आलेल्यांच्या सवयी जास्त बदलल्या, आणि ती संधी साधारण पहिले तीन महिने टिकली. त्यांचा विषय वीज-पाणी वाचवण्याचा होता, पण मी हे घरांमध्ये रोज बघते. पहिल्या काही महिन्यांत जे बसतं ते बसतं. संध्याकाळी दमून सोफ्यावर फोन घेऊन पडायचं ठरलं की सोफ्याचा तो कोपरा तुमचा झाला, मग तिथून उठणं जड. त्या मळकट डागासारखंच आहे हे, हात जिथे रोज जाईल तिथे जागा तयार होणार. तेव्हा पोस्टकार्डवाला महिना उद्यापासून सुरू करा, खोक्यांचा ढीग उरकला की, असं म्हणू नका. दोन खोकी उघडायची राहिलीत ना, राहू देत, माझ्याकडे सहा वर्षांपासून एक तसंच आहे, त्यात काय आहे तेही आता आठवत नाही.

घरच्यांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की घरातले सगळे एकाच दिवशी राहायला येतात पण एकाच वेळी रुळत नाहीत, तुमच्या यजमानांना आठवड्यात जमलं असेल म्हणून तुमचं काही चुकतंय असं नाही. आणि हो, झोप, भूक, कशातही रस नसणं हे रोज असंच दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर घराला दोष देत बसू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटा, ते माझ्या कामाच्या पलीकडचं आहे.

आता रंग. बदलू नका, निदान सहा महिने तरी. तोवर दिवा बदला. नवीन घरात बहुतेक वेळा ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे दिव्याच्या रंगाचं माप) पांढरेफेक दिवे लावलेले असतात, जुन्या घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० चा होता, आणि रात्री खोली दवाखान्यासारखी वाटते ती भिंतीमुळे नाही, त्या दिव्यामुळे. बसायच्या जागेजवळ एक पिवळा दिवा ठेवा, आणि रंग मिसळायचं काम असेल तेवढ्यापुरता पांढरा लावा कारण पिवळ्यात रंग फसवतात. दिवसा कोणत्या खिडकीत उजेड सगळ्यात कमी बदलतो ते बघा. चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात ती यासाठीच, उत्तर गोलार्धात तिथून वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही आणि सावल्या पळत नाहीत. पण तुमची पोस्टकार्डं पश्चिमेच्या उन्हात जास्त झाली तर उत्तर-बित्तर विसरा.

मोठं टेबल आत्ता करून घेऊ नका. करायचंच झालं तर जमिनीवर त्या मापाची चिकटपट्टी चिकटवा आणि पंधरा दिवस तिला वळसा घालून चाला, टेबल नकोसं वाटेल की हवंसं ते पायालाच कळेल.

आणि जुनं डगमगणारं टेबल टाकू नका. सुताराला दाखवूही नका, तो चारही पाय तासून सरळ करेल आणि टेबलाची उंची बदलेल, तुमच्या कोपराला ती उंची माहितीय. कोणता पाय आखूड आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच. जुन्या घरात त्याखाली कागदाची घडी होती का? ती सामान हलवताना पडली असणार. नवीन करून घाला, पण आधी किती घड्या लागतात ते बसून बघा, फरशी वेगळी आहे, जुन्याइतक्याच लागतील असं नाही.